मागची वाट

मॅकार्डल पुन्हा उठला. खुर्चीचं कापड त्याच्या वजनानं नीट ताणलंही नव्हतं. तो तळ्याच्या काठाकाठानं बोरूच्या बेटापर्यंत गेला, वळला, तंबूमागच्या वाटेकडे पाहिलं आणि परत आला. गळाच्या तिन्ही काठ्यांच्या दोऱ्या बोटानं चाचपल्या. मग परत निघाला.

"ए बाबा, बूड टेक की कुठंतरी!" समोरच्या काठावरून नॉबी ओरडला. "तुझे बूट पाण्यात ऐकू जातात. सगळे मासे एव्हाना फ्रान्सला पोचले असतील!"

त्या काठावरचे दोघंतिघं हसले. मॅकार्डलनं मान वर केली नाही. तंबूत शिरून तो पिशवी भरायला लागला.

बेरिल चहाचे मग घेऊन आली तेव्हा त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

फौजेतून परत आलेल्या माणसांना एक संस्था या तळ्यावर मासे धरायला आणायची. बेरिल फौजेतली नव्हती. शाळेच्या भटारखान्यातून निवृत्त झाल्यावर ती इथं फुकट राबायची. चहा करायची, गळाला आमिष लावायची, मासा आला की जाळं धरायची. पहिल्याच सकाळी पिशवी भरणारे तिनं आधीही पाहिले होते. त्यांतलं कोणी परत आलं नव्हतं.

"रात्री झोपलास का रे राजा?"

"नाही."

"अलार्म लावलाय ना काठ्यांना. मासा आला की तो बोंबलेल. तू पड जरा."

"माशांचं काय घेऊन बसलात?" तो एकदम म्हणाला. "ते समोरून येतात." आणि पुन्हा वाटेकडे पाहिलं.

बेरिलनंही पाहिलं. झाडांमधून येणारी साधी मातीची वाट होती. गावातली माणसं तिथून कुत्री फिरवायची. तळ्याभोवतीच्या सगळ्या खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या होत्या. हीसुद्धा. तिनंच मांडली होती ती.

चहाचे मग तिनं खाली ठेवले. खुर्ची उचलली, तंबूच्या मागच्या कोपऱ्यापाशी उलटी मांडली आणि वाटेकडे तोंड करून बसली.

"पहारा मी घेते. काय काय बघायचं ते सांग."

"तुम्ही?" तो जवळजवळ हसलाच. "तुम्ही कधी पहारा दिलाय?"

"तीनशे पोरांच्या जेवणावर. एक बटाटा इकडचा तिकडे झाला नाही कधी."

किल्ली या हातातून त्या हातात. मग त्याचा आवाज बदलला. सपाट झाला.

"तीन काठ्या. मधली बेटाच्या कडेला. समोर नॉबी, आपला माणूस. बगळा एक, निरुपद्रवी. मागच्या वाटेवर कोणी आलं तर नजर काढायची नाही. ते दिसेनासे होईपर्यंत."

"कळलं."

तो बूट न काढताच खाटेवर आडवा झाला. नाड्या घट्ट आवळलेल्या होत्या. बेरिलनं वळून पाहिलं नाही. पण थोड्या वेळानं मागचा श्वास लांब झाला, आणि किल्ली गवतात पडल्याचा आवाज आला.

वाटेवर एक बाई आली, दोन कुत्री घेऊन. बेरिलनं तिच्यावरची नजर काढली नाही. बाई बिचकली. "गुड मॉर्निंग" म्हणून घाईनं निघून गेली.

तेवढ्यात मधला अलार्म ओरडला.

एकदाच. दुसऱ्यांदा ओरडायच्या आत बेरिलनं झेपावून त्याचा कान पिळून तो बंद केला. चिखलात गुडघे आणि कोपरं टेकली. दोरी सरसर पळत होती, रीळ टिकटिकायला लागलं होतं. तिनं रिळाचा दांडा उघडला, तशी दोरी आवाज न करता सुटत गेली. बेटाजवळ पाणी फुगलं आणि एक रुंद, पिवळीजर्द पाठ वर आली. या तळ्यात एवढा मोठा कार्प मासा आहे असं सगळे म्हणायचे. पाहिला कोणीच नव्हता.

समोर नॉबी ताडकन उभा राहिला. दोन्ही हात वर करून खुणा करायला लागला. उचल! काठी उचल!

बेरिलनं ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट तंबूकडे केलं.

नॉबीचं तोंड उघडंच राहिलं. शेजारचे दोघंही उठले होते. त्यानं एकाला दंडाला धरून खाली बसवलं आणि स्वतःही बसला.

दोरी ढिली पडत गेली. इथल्या गळांना उलटा काटा नसतो. माशानं एकदा डोकं झाडलं, गळ निसटला. पाणी हळूहळू सपाट झालं. बेरिल परत खुर्चीत येऊन बसली. गुडघे ठणकत होते.

ऊन खाटेवर आलं तेव्हा मॅकार्डल दचकून उठला. हात आधी किल्लीसाठी चाचपडला.

"काय झालं?"

"एक बाई, दोन कुत्री," बेरिल वाटेकडे बघतच म्हणाली. "दिसेनाशी झाली. बगळा उडून गेला. नॉबी एकदा उठला होता, परत बसला."

तो खाटेवर बसून राहिला. मधली दोरी पाण्यावर वेटोळी होऊन तरंगत होती. बेरिलच्या बाह्यांवर कोपरापर्यंत चिखल होता.

"आणि तळ्यात?"

"तळ्याकडे माझी पाठ होती."

समोरच्या काठावरचे सगळे मान खाली घालून गळाला आमिष लावायला लागले. नॉबीसुद्धा.

बेरिलच्या मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. निघाला, तिला वाटलं. तिनं वाटेवरची नजर काढली नाही.

मग गवतावर एक बूट काढून ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा.