दोघांचा तंबू

"अहो, तो तंबू असा कोंबू नका. शिवण उसवेल," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी तो पिशवीतून काढला, पुन्हा घडी घातली. "आणि खुंट्या बघून घ्या. मागच्या वेळी एक तिकडेच राहिली."

"तुला गं कशाला काळजी?" सरोज हसली. "तू थोडीच येणार आहेस?"

"नको गं बाई. गवतात लोळायची हौस तुम्हा बापलेकींना. मी आपली घरात बरी."

सरोजचे वडील, भाऊ, बायकोकडे एकदा बघून खुंट्या मोजू लागले.

सत्याऐंशीचा डिसेंबर होता. सकाळी आई त्यांना खोपटच्या एसटी स्टँडवर सोडायला आली. बस सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणाली, "नदीला यंदा किती पाणी आहे, बघून ये गं."

"आई, चौकशा पुरे!"

मुरबाडच्या पुढे काळू नदीकाठचा तो माळ त्यांचा दरवर्षीचा. कमरेएवढं पिवळं गवत, समोर सह्याद्रीची उभी भिंत. वाडीतली कलावती लाकडं घेऊन आली आणि नेहमीसारखं तिनं भाऊंना विचारलं, "तंबूवाली बरी हाय ना?"

"बरी आहे," भाऊ म्हणाले.

सरोज आठ वर्षांची असल्यापासून हे ऐकत आली होती. वाडीनं आपल्याला दिलेलं हे नाव तिला फार आवडे.

रविवारी संध्याकाळी दोघं परतली तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. सकाळी आई स्वयंपाकघरात कोसळली होती. निरोप पाठवायचा कुठे, हे शेजाऱ्यांना कळलं नव्हतं.

पुढच्या डिसेंबरात तंबू भाऊंनीच माळ्यावरून काढला. सरोजला जायचं नव्हतं, तरी ती गेली. वर्षभर तिला एकच गोष्ट टोचत होती. आपण इथे नदीत पाय सोडून बसलो होतो आणि आई घरात एकटी होती. आईला इथे यायचंच नव्हतं, एवढं कुणी ठामपणे सांगितलं असतं तर तिला पुरलं असतं.

दुपार कलली. समोरच्या कड्यावर उतरतं ऊन पडलं होतं. भाऊ दोरी ताणत होते.

"भाऊ, आईला हे सगळं आवडायचंच नाही, हो ना?"

भाऊंनी मारलेली गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

"सांगा ना."

"ती कॉलेजात एनसीसीत होती," ते म्हणाले. "हा तंबू तिचा. लग्नाआधीचा, तिच्या पहिल्या पगारातला. ही जागाही तिनंच शोधलेली. तू व्हायच्या आधी आम्ही दर वर्षी यायचो. मला तर धड गाठसुद्धा मारता येत नव्हती. हसायची मला."

"मग?"

"तू आठ वर्षांची झालीस. तंबूत दोघंच मावतात. म्हणाली, आता हिला न्या."

"आपण दुसरा तंबू घेतला असता!"

"मीही तेच म्हणायचो. दर वर्षी म्हणायचो, सांगू या का सरोजला? नको म्हणायची. म्हणायची, तिनं आपणहून बोलावलं तर येईन."

सरोज उठली. गवतातून चालत पार काठापर्यंत गेली. पलीकडे कुणी नव्हतं. मग ती मोठ्यानं म्हणाली,

"आई, चल ना आमच्याबरोबर."