शब्द मोडला कुणी?
अलाबामातल्या आमच्या कॉलेजकडून खेळायचा शब्द देऊन टेरॉनने आयत्या वेळी शेजारच्या कॉलेजला होकार कळवला, तसा अमेरिकन फुटबॉलचा मुख्य कोच हॅस्केल पेटला. नवे खेळाडू पारखणाऱ्या लोरेटाला म्हणाला, “अहवाल बदल. लिही, पोरगं आळशी, पाय जड.” “परवा तुम्हीच त्याला चित्ता म्हणालात!” “परवा तो आपला होता.” लोरेटाचा आवाज चढला. “त्याने शब्द तुमच्या हाताखालच्या वेंडेल कोचना दिला होता. त्यांना तुम्ही हाकललंत, ते शेजारच्या कॉलेजात गेले, म्हणून तो त्यांच्यामागे गेला. शब्द मोडला कुणी?” “तोंड सांभाळ!” “सप्टेंबरात त्यांच्याशीच सामना आहे. चेंडू फेकायला तुमचा लेक उभा असेल आणि टेरॉन त्याच्या अंगावर धावून येईल. टेरॉनला अडवणाऱ्या आपल्या पोरांना मी काय सांगू? घाबरू नका, पाय जड आहेत?” हॅस्केलने टेबलावर मूठ आपटली. मग खुर्ची ओढून तो गुरगुरला, “टेरॉनचा व्हिडिओ लाव.”