टाचेचा हक्क

नाटकाची नायिका दोन्या ब्रियांदा पुरुषी वेषात, ओठावर खोटी मिशी आणि हातात तलवार घेऊन रंगमंचावर आली. तिने पहिली ओळ म्हटली आणि वरच्या लाकडी सज्ज्यात कुणीतरी दाणदाण पाय आपटायला लागलं.

विंगेत उभ्या असलेल्या दिग्दर्शक फर्मिनने कपाळावर हात मारला. नाटक आवडलं नाही की पाय आपटायचे, ही इथली जुनी रीत. हल्ली लोक सभ्य झाले होते, नुसतेच खोकत.

पहिले दोन प्रयोग खोकल्यातच वाहून गेले होते. सुखात्मिका चारशे वर्षांपूर्वीची, विल्यारेहा गावचं हे अंगण-थिएटरही तेवढंच जुनं, आणि गावाच्या मते नायिकाही साधारण त्याच काळातली. ब्रियांदा विशीची, तिची भूमिका करणारी लेओकादिया अडुसष्टची. पुढच्या रांगेतल्या दोन बायका पंख्याआडून बोटांवर तिचं वय मोजत होत्या. बोटं पुरत नव्हती.

नगरपालिकेच्या मारिबेलबाईंनी, ज्यांच्या सहीवर हे नाटक उभं होतं, फर्मिनला बोलावून घेतलं होतं.

“शनिवारी मी स्वतः येतेय. लोक असेच थंड राहिले, तर रविवारपासून माद्रिदची ती मालिकेतली मुलगी. काय गोड आहे!”

“गोड असेल. तिला पद्य म्हणता येतं का?”

“फर्मिन, लोकांना पद्य दिसत नाही. सुरकुत्या दिसतात.”

“लेओकादिया गेली तर मीही जाईन.”

“जा की. माद्रिदची बस एकच आहे, सोबत होईल.”

आणि आता हा तिसरा प्रयोग, वर ही टाच.

लेओकादिया थांबली. शांतपणे रंगमंचाच्या कडेला आली आणि तलवार सज्ज्याकडे रोखली.

“वर कुणाचं खेचर बांधलंय? त्याला आधी चारा घाला. मग मी प्रेमाचं बोलते.”

अंगण पहिल्यांदाच हसलं. टाच थांबेना, तेव्हा गावचा खाटीक उठून ओरडला, “ए म्हाताऱ्या, बाईंना बोलू दे!” वय मोजणाऱ्या दोघी आता वर बघून पंखे उगारत होत्या. या गावात कुणाचं कुणाशी पटत नसे, पण बाहेरच्या माणसाशी भांडायचं म्हटलं की सगळ्यांचं एकमत. सज्ज्यातल्या त्या इसमाला गावात कुणी ओळखत नव्हतं. लेओकादियाही बाहेरचीच, हे मात्र सगळे विसरले. मध्यंतरापर्यंत ती गावची लेक झाली.

फर्मिन तिची माफी मागायला रंगपटात गेला.

“असू दे,” मिशी नीट चिकटवत ती म्हणाली. “असल्या खेचराला मी जन्मभर चारा घालत आलेय.”

शुक्रवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक नाटकाला कमी आणि त्या माणसाला बघायला जास्त आले होते. तो आपल्या जागी हजर होता. कुणी त्याला ऑलिव्हच्या बिया मारल्या. प्रेक्षक जरा सैलावले की त्याची टाच वाजे, आणि लगेच खालून टाळ्यांचा कडकडाट. फर्मिनला एक गोष्ट विचित्र वाटली. पाय आपटताना तो रंगमंचाकडे बघतच नसे. खाली लोकांकडे बघे.

मध्यंतरात फर्मिन वर गेला. वाळलेला म्हातारा. जूनच्या उकाड्यात मांडीवर बायकी लोकरीची शाल. दोन सँडविच आणलेली, एक खाल्लं आणि दुसरं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

“सेन्योर, थोडी तरी लाज बाळगा.”

“तिकीट काढलंय, पोरा. टाळीचा हक्क आहे तसा टाचेचाही आहे.”

“त्या बाईंनी तुमचं काय घोडं मारलंय?”

“नायिका विशीची आहे.”

“आणि बाई अडुसष्टच्या! ठाऊक आहे. सगळं गाव तेच म्हणत होतं.”

“गाव खोटं बोलतं,” म्हातारा जरा चिडून म्हणाला. “नोव्हेंबरपर्यंत सदुसष्टच.”

एवढा बारीक आकस फर्मिनने कुणात पाहिला नव्हता. दारवान म्हणाला, उचलून बाहेर टाकू का? फर्मिन म्हणाला, नको. हरू दे त्याला सगळ्यांसमोर.

शनिवारी मारिबेलबाई पहिल्या रांगेत बसल्या. तलवार निघाली, टाच वाजली आणि सगळं अंगण उभं राहिलं. तिसऱ्या अंकात लेओकादियाने मिशी उपटून फेकली आणि “हा चेहरा माझा आहे, ज्याला सोसत नसेल त्याने डोळे मिटावेत” असं म्हटलं. क्षणभर शांतता पसरली, मग वरून टाच आली. त्याबरोबर मारिबेलबाईच ताडकन उठल्या.

“लाज नाही वाटत? कलेला वय असतं का?”

पडद्यानंतर त्यांनी फर्मिनचा हात धरला. “अख्खा हंगाम लेओकादियाच. मी पहिल्यापासून म्हणत होते.”

फर्मिन ही बातमी द्यायला मागच्या दाराकडे धावला. गल्लीत अजून ऊन होतं. पायरीवर तो म्हातारा एक बूट काढून टाच चोळत बसला होता.

“हरलात, सेन्योर,” फर्मिन म्हणाला.

“हो ना,” म्हातारा म्हणाला. “टाच पार गेली.”

तेवढ्यात दार उघडून लेओकादिया बाहेर आली. फर्मिन तिला वाचवायला मध्ये सरकला. तिने त्याला हलकेच बाजूला केलं, म्हाताऱ्याच्या मांडीवरची शाल उचलून खांद्यावर घेतली, त्याच्या खिशातलं सँडविच काढलं आणि पायरीवर त्याला खेटून बसली.

“तिसऱ्या अंकात उशीर केलास,” पहिला घास घेत ती म्हणाली. “घरी चाळीस वर्षं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, आणि आज नेमका थांबलास होय?”