नुसतं छान

शैलेंद्रचा पारा चढला होता. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत घानाहून आलेल्या अबेनाचा प्रबंध लिहून तयार होता, मुदत शुक्रवारी संपत होती आणि ही बाई तो द्यायलाच तयार नव्हती. सगळं सोडून घरी जाते म्हणत होती.

"अगं, सेन्सेईंनी, तुझ्या गाइडनीच, छान म्हटलंय ना? मग अडलंय कुठे?"

"ते माझं सगळंच छान म्हणतात, शैलेंद्र-सान. जपानी मुलांना एकेका वाक्यावरून झापतात. मला हसून नुसतं 'छान'. काळ्या मुलीने एवढं केलं तरी पुष्कळ, असं वाटत असेल त्यांना. नाहीतर मी खरंच या लायकीची नसेन. मला कळणार कसं?"

"नाही नाही ते डोक्यात घेऊन बसतेस!"

वैतागून त्याने प्रबंध ओढून घेतला आणि जेवण सोडून वाचत बसला. वाचून झाल्यावर तो तिच्यापुढे आपटला.

"चौथं प्रकरण भिकार आहे. निष्कर्ष हवेतून काढलायस. शुक्रवारच्या आत पुन्हा लिही."

अबेनाने चौथं प्रकरण उघडलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाकीची खरंच चांगली आहेत?"