शेवटची तारीख

नवी कोरी गाडी पहिल्याच महिन्यात भायखळ्याच्या पुलावर बंद पडली आणि पुढे दोनदा तिचं स्टिअरिंग चालत्या गाडीत अडकलं. वर्कशॉपच्या सात फेऱ्या झाल्यावर माझगावच्या सिल्वेस्टर अंकलनी परळच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. घरी एकटेच. वकील त्यांनी केला नाही, स्वतःच लढले. चार वर्षं प्रत्येक तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच येऊन बसत.

कंपनीची वकील मेघना राऊळही लवकर यायची. आत ती त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढायची आणि बाहेर बाकावर त्यांना आपल्या डब्यातली घावनं खायला लावायची. प्रेशरची गोळी घेतली का, तेही विचारायची.

आज निकाल लागला. गाडीत मुळातच दोष आहे, कंपनीने ती बदलून द्यावी.

"अभिनंदन अंकल," मेघना बाहेर येऊन म्हणाली. "तुमच्याकडून हरल्याचं वाईट नाही वाटत. सुटलात एकदाचे."

अंकल बराच वेळ फाइलची नाडी बांधत राहिले.

"कंपनी अपील करेल ना पण?"

"नाही करणार. मी बोललेय त्यांच्याशी. तुम्ही बिलकूल टेन्शन घेऊ नका."

अंकलनी मान हलवली. ती जिन्याकडे वळली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"मेघना, करू दे ना त्यांना अपील."