नाकातून निघालेला निरोप

“आम्ही मिशीसाठी आलोय, आणि तुम्ही नाक काय तपासताय?” वडील वैतागले.

बाविशीचा मुलगा डोळे मिटून बसला होता. ना मिसरूड, ना आवाज फुटलेला. गॅस एजन्सीत तो फोनवर नोंदणी घ्यायचा, आणि येणारा प्रत्येक फोन त्याला “मॅडम” म्हणायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकाशी कॉफीची बाटली धरली, मग साबण.

“कसला वास येतोय?”

“कसलाच नाही.”

“पोरगा दिसतो तसा नाही हं, डॉक्टर,” वडिलांनी बाजू सावरली. “ऑफिसात सिलिंडर गळत होता. झाडून सगळे पळाले, हा पठ्ठ्या एकटा फोन घेत बसला! अजून सांगतो मी लोकांना.”

मुलाची मान खाली गेली. “बाबा, मला कळलंच नव्हतं.”

एवढी एकच मर्दुमकी होती बिचाऱ्याच्या नावावर.

डॉक्टरीणबाई मात्र खुर्ची ओढून पुढे सरकल्या. “तेच तर! वयात यायचं, हा निरोप मेंदूतल्या थोड्याशा पेशी धाडतात. एक इवलंसं रसायन. ते मेंदूखालच्या ग्रंथीला उठवतं, ती पुढच्या ग्रंथींना उठवते. पण या पेशी जन्मतात नाकात. बाळ पोटात असताना वासाच्या नसांचा माग धरत मेंदूपर्यंत चालत जातात. याच्या त्या नसाच नीट वाढल्या नाहीत, म्हणून वास नाही, आणि पेशीही वाटेतच अडकल्या.”

“आईच्या पोटात... चालत?” वडिलांचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला. “माझ्याही?”

“सगळ्यांच्याच.”

वडील मुलाच्या चेहऱ्याकडे नुसते बघत राहिले, पहिल्यांदाच बघावं तसे.

“तो निरोप आता आपण कमरेला लावायच्या छोट्या पंपाने देऊ. थांबून थांबून, थेंब थेंब. एकसारखा दिला तर ग्रंथी ऐकेनाशी होते.”

“आमच्या घरातलीच दिसतेय ग्रंथी,” वडील म्हणाले. मुलगा खुदकन हसला.

वर्ष उलटलं. कमरेला पंप लावून तो फोनवर बसला होता. नेहमीच्या आजींचा फोन आला.

“हॅलो.”

“अहो दादा, त्या मॅडमना द्या ना जरा.”

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“सोडून गेली वाटतं? गोड पोरगी होती हो. भेटली तर माझा एवढा निरोप द्या, म्हणावं आजीने आठवण काढली.”

कमरेवरचा पंप बारीकसा टिकटिकला.

“पोचला, आजी,” तो म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकत राहिला.