शेवाळसरांची बोलती बंद

दातांच्या डॉक्टरीणबाई रबरी वाटीत गुलाबी पूड पाण्यात कालवत होत्या आणि खुर्चीतले शेवाळसर भलतेच खुशीत होते. कवळीचं माप द्यायला आलेल्या माणसाने इतकं खूश असू नये. पण पूड त्यांच्या ओळखीची निघाली ना!

“ही कशापासून करतात, माहितेय? तपकिरी शेवाळापासून! समुद्रात जे...”

“आ करा,” म्हणत बाईंनी तो लगदा साच्यासकट त्यांच्या वरच्या जबड्यावर दाबला. “घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही हं.”

झालं! जन्मभर ज्या शेवाळावर शिकवलं, ज्याच्यावरून पोरांनी नाव पाडलं, त्यानेच आज बोलती बंद केली. तसे ते हसलेही असते. पण निवृत्त झाल्यापासून एकच गोष्ट त्यांना खात होती: आपण एवढं बोललो, ते कुणी ऐकलं का? वर्गात पोरं पेंगायची आणि घरी बायको नुसतं ‘हं’ म्हणायची.

“शेवाळापासून? खरंच?” बाईंनी विचारलं. सर डोळे वटारून ‘उं उं’ करू लागले.

“खरंच,” कोपऱ्यात स्वेटर विणत बसलेली बायको म्हणाली. तिने मानही वर केली नाही. “दिसतं झाडासारखं, पण झाड नव्हे ते. मुळं नसतातच त्याला. खडकाला धरायला नुसती पकड. खाणंपिणं सगळ्या अंगाने. पात्यांना हवेचे फुगे असतात, म्हणून पाण्यात ताठ उभं राहतं. मोठ्या जातीचं तर दिवसात हातभर वाढतं मेलं! आणि तपकिरी काय नुसतं वरून. उकळत्या पाण्यात घाला, हिरवंगार होतं. माझ्या चांगल्या पातेल्यात करून दाखवलंय यांनी.”

“तुम्हीपण शिकवायचात?”

“छे हो! मी भाजी चिरायचे, हे बोलायचे.”

सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“दुखतंय का?” बाई घाबरल्या. सरांनी ‘नाही नाही’ अशी जोरजोरात मान हलवली. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

लगदा घट्ट झाला, साचा निघाला. बाईंनी हनुवटी पुसायला रुमाल दिला. “हं, बोला सर. काय सांगत होता?”

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती टाके मोजत होती.

“खालचं माप राहिलंय ना?” ते म्हणाले. “घ्या लवकर. तिचं अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय.” आणि त्यांनी आपणहून मोठा आ केला.